मच्छिंद्रचे चार डबे

आमच्या धावडा गावातून उत्तरेकडं पाहिलं की अजिंठ्याच्या डोंगराची कड दिसते. उन्हाळ्यात ती मातकट असते, पाऊसकाळात निळी होते, आणि हिवाळ्याच्या सकाळी धुकं तिला पार पुसून टाकतं. सात वर्षांचा मच्छिंद्र अशा सकाळी ओट्यावर बसून म्हणायचा, "डोंगर गेला न्हाई. दिसून न्हाई राह्यला, एवढंच." त्याच्या ह्या बोलण्याची मला मोठेपणी फार आठवण झाली, म्हणून सुरुवात तिथून करतो.

साल १९८१. मच्छिंद्र दुसरीत होता. गुरुजींनी बेरजेचं गणित घातलं, त्यानं सोडवलं, आणि पाटीवर फुली मिळाली.

"गुरुजी, कुठं चुकलं?"

"चुकलं म्हणजे चुकलं. बस खाली."

तो खाली बसला, पण गप्प बसला नाही. घरी जाऊन तेच गणित त्यानं अकरा वेळा केलं. त्याची माय सोनूबाई भाकर वाढून वाट पाहत राहिली. दिवेलागणीच्या आत त्याला चूक सापडली, आणि दुसऱ्या दिवशी भर वर्गात तो म्हणाला, "गुरुजी, हातचा राह्यला व्हता. तुम्ही एवढंच सांगितलं असतं तर माझी भाकर गरम मिळाली असती." गुरुजींनी त्याचा कान धरला खरा, पण त्या दिवसापासून ते फुलीबरोबर चुकीच्या आकड्याखाली रेघही ओढू लागले. आमच्या शाळेत ही रेघ मच्छिंद्रची रेघ म्हणून बरीच वर्षं टिकली.

बारावीनंतर त्यानं भोकरदनला टायपिंग शिकलं आणि जालन्याला बियाण्याच्या एका कंपनीत गोदामाचा कारकून म्हणून लागला. जालन्यात बियाण्याच्या कंपन्या आहेत तशी तीही एक. गावोगावचे शेतकरी तिच्यासाठी संकरित ज्वारीचं बियाणं पिकवायचे, ती पोती गोदामात यायची, मापून यंत्रात जायची, आणि स्वच्छ होऊन छोट्या थैल्यांत बसून बाहेर पडायची. १९९८ साली तिथं कॉम्प्युटर आला. त्याच्याबरोबर विटेएवढं जाड इंग्रजी पुस्तक आलं. ते कुणी उघडलं नाही, कारण त्यावर पाण्याचा जग बरोबर बसत होता. मच्छिंद्रनं जग बाजूला केला आणि पुस्तक घरी नेलं. शब्दकोश मांडीवर घेऊन रोज एक पान, ह्या चालीनं दोन वर्षांत त्यानं ते संपवलं.

त्या पुस्तकात डेटाबेसची भाषा होती. डेटाबेस म्हणजे मोठमोठे तक्ते, आणि ही भाषा म्हणजे त्या तक्त्यांवरच्या गड्याला एकामागून एक सांगायची कामं. ही ओळ उचल, तपास, तक्त्यात ठेव, पुढची उचल. मच्छिंद्र मला म्हणायचा, "गडी लई गुणाचा हाय. सांगितलं तेवढंच करतो. फक्त न सांगितलेलं त्याला सुचत न्हाई." काम करताना गड्याला एखादी वस्तू हाताशी ठेवायला जागा लागते, तिला व्हेरिएबल म्हणतात. मच्छिंद्र तिला डबा म्हणायचा. डब्यावर नावाची चिठ्ठी, आत एक वस्तू. नवी घातली की जुनी गेली.

आता भिवाबाबांविषयी सांगतो. भिवाबाबा केदारखेड्याचे. चाळीस वर्षं मापाडी. आधी मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मग ह्या कंपनीत. छातीवर पितळी बिल्ला, खांद्यावर उपरणं, आणि आवाज असा की काट्यावरचा आकडा गोदामाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. जुन्या मापाड्यांसारखं तेही मोजताना पहिल्या पोत्याला एक म्हणत नसत. पहिलं पोतं काट्यावर चढलं की त्याला हात जोडून म्हणायचे, "बरकत." मग दोन, तीन, चार. धान्याची मोजणी एकट्यादुकट्या आकड्यानं सुरू करायची नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. प्रत्येक पोत्याची एक पावती ते स्वतःच्या गोल अक्षरात लिहायचे. कागदाच्या दिवसांत कारकून त्या पावत्यांवरून रजिस्टर भरायचे, आणि सगळं बिनबोभाट चालायचं.

२००२ च्या उन्हाळ्यात पावत्या कॉम्प्युटरमध्ये भरायचं ठरलं. त्यासाठी अंबडकडची बेबीनंदा नावाची मुलगी ठेवली. गोदामाचे मॅनेजर अण्णासाहेब यांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं, "पावतीवर जे लिहिलंय तेच टाइप करायचं. स्वतःचं डोकं बिलकुल लावायचं न्हाई."

"बरं साहेब," बेबीनंदा म्हणाली. "डोकं घरी ठेवून येत जाते."

ती पावत्या इंग्रजी अक्षरांत एका फाइलीत टाइप करायची, आणि मच्छिंद्रनं लिहिलेली प्रोसीजर, म्हणजे गड्याला सांगायच्या कामांची यादी, ती फाइल ओळीओळीनं उचलून तक्त्यात भरायची. मार्च महिन्यात जुन्या रजिस्टरातल्या नोंदी घालून प्रोसीजरीची पहिली परीक्षा झाली. मोठे साहेब औरंगाबादेहून आले होते, टेबलावर काजूची बशी होती. पन्नासएक ओळी झाल्या आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटून काम थांबलं. कुठल्याशा ओळीत तारीख चुकली होती. साहेब काजू खायचे थांबले. ते गेल्यावर अण्णासाहेब म्हणाले, "मच्छिंद्र, हे लाल अक्षर मला ह्या गोदामात परत दिसायला नको."

मच्छिंद्रनं प्रोसीजरीत एक छोटी ओळ घातली. तिचा अर्थ असा, की काहीही चूक झाली तर गप्प बस आणि पुढं चल. लाल अक्षर पुन्हा दिसलं नाही. ज्या पोरानं गुरुजींना कुठं चुकलं म्हणून विचारलं होतं, त्यानंच मशीनच्या तोंडाला बूच मारलं. नोकरी माणसाकडून असलं काहीबाही करून घेते.

एप्रिलच्या एका सोमवारी अण्णासाहेबांनी कॉम्प्युटरमधून मालाची यादी काढली. एकतीस शेतकऱ्यांचे एकतीस लॉट आले होते. प्रत्येक लॉटमध्ये भिवाबाबांनी सांगितलेल्यापेक्षा एक पोतं कमी. चाळीस असतील तिथं एकोणचाळीस, बावीस तिथं एकवीस. एकही लॉट सुटला नव्हता. पोती पुन्हा मोजावीत तर ती केव्हाच यंत्रात ओतली गेलेली.

अण्णासाहेबांनी भिवाबाबांना बोलावलं.

"भिवाजी, लॉटमागं एक पोतं. चोर शिस्तीचा दिसतोय."

"माझं माप बराबर हाय, साहेब."

"कॉम्प्युटर तसं म्हणून न्हाई राह्यला. आन् कॉम्प्युटरला सोयरेधायरे नसतात."

भिवाबाबांनी छातीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. उन्हानं तिथल्या सदऱ्याचा रंग उडाला नव्हता, त्यामुळं बिल्ल्याखाली कापडाचा एक गोल नव्या रंगाचा राहिला होता. अण्णासाहेबांनाही ते बघवलं नसावं. त्यांनी बिल्ला परत सरकवला आणि म्हणाले, "शनिवारपर्यंत ठेवा. शनिवारी मोठे साहेब येणार. तवर काही उलगडा झाला तर ठीक, न्हाईतर मला तुमचं नाव द्यावं लागल."

मच्छिंद्र शेजारच्याच टेबलावर बसला होता. त्यानं फाइलीतल्या ओळी मोजल्या. पहिल्या लॉटच्या चाळीस. तक्त्यातल्या मोजल्या. एकोणचाळीस. तो उठून अण्णासाहेबांकडं गेला.

"साहेब, पोतं चोरीला न्हाई गेलं. एक ओळ माझ्या प्रोसीजरीनं गिळली. चूक झाली की गप्प बस असं मीच तिला सांगितल्तं."

अण्णासाहेबांनी चष्मा काढला. "फाइल पावत्यांवरून झाली. पावत्या भिवाच्या हातच्या. पोतं नसताना त्यानं पावती फाडली असल, आन् मशीनला कळलं असल म्हणून तिनं घेतली न्हाई."

"मशीनला तसलं काय कळत न्हाई, साहेब."

"मंग का घेतली न्हाई ते मशीनच्या तोंडून ऐकव मला. तुझ्या तोंडून नको. तू भोकरदन तालुक्यातला, तो बी भोकरदन तालुक्यातला. उद्या साहेब मलाच इचारतील."

एकतीस लॉटच्या बाराशे ओळी डोळ्यांनी चाळणं काही अवघड नव्हतं. बेबीनंदा तयारही होती. पण मच्छिंद्र म्हणाला, "नको. आज डोळ्यानं सापडल, उद्या दुसरी गिळल, आन् परवा आणखी कोण्या गरिबाचा बिल्ला निघल. जिचं तोंड मी बंद केलं, तिनंच बोललं पाहिजे." त्याला हट्टी म्हणा, पण त्या हट्टाला आमच्या गावात आम्ही इमान म्हणतो.

मंगळवारी त्यानं बूच काढलं आणि त्या जागी एक डबा ठेवला. नाव दिलं 'चूक'. ओळ नीट गेली तर डबा रिकामा, बिघडली तर डब्यात 'झाली' असा शब्द. प्रोसीजर चालवली. पडद्यावर आलं, चूक झाली.

बेबीनंदानं वाकून पाहिलं. "झाली हे आपल्याला सोमवारीच माहीत व्हतं की, भाऊ."

मच्छिंद्र हसला. दुसरीतली फुली पुन्हा पाटीवर आली होती. तो कागद घेऊन बसला आणि स्वतःला विचारू लागला, की त्या दिवशी गुरुजींनी मला काय काय सांगितलं असतं म्हणजे माझी भाकर गरम मिळाली असती? कागदावर चार गोष्टी उतरल्या. चूक कोणत्या जातीची, म्हणजे तिचा क्रमांक. ती साध्या बोलीत काय. कितव्या ओळीत. आणि त्या ओळीत नेमकं काय लिहिलेलं होतं, जसंच्या तसं. म्हणजे चार डबे. चौथ्या डब्यावर तो बराच वेळ अडला होता, कारण पुस्तकात तो नव्हता. पुस्तकात चूक झाल्यावर तिचा क्रमांक, तिचा मजकूर आणि ओळ, एवढं टिपायला सांगितलं होतं. पण समोरच्यानं काय दिलं होतं ते जपून ठेवा, असं कुठं लिहिलेलं नव्हतं. मच्छिंद्र म्हणाला, "समोरच्याचं म्हणणं ऐकल्याबिगर चूक कोणाची ते कसं ठरवायचं?"

बुधवारी चार डबे भरून छापायला घेतले, तर भलतंच झालं. ओळ नापास झाली हे कळत होतं, पण पहिल्या डब्यात शून्य आणि दुसऱ्यात 'सर्व ठीक' असं येत होतं.

"ठीक हाय तर मंग भांडण कशाचं?" बेबीनंदा म्हणाली.

दुपारी वीज गेली. गोदामात पंखे थांबले आणि ज्वारीच्या भुशाचा वास जड झाला. मच्छिंद्र बाहेर काट्यापाशी जाऊन बसला. भिवाबाबांचा काटा जुना, विजेवाचून चालणारा. बिल्ला छातीवर होता, पण आवाज नेहमीपेक्षा बसलेला. भोवती तीन हमाल. त्यातला नवा हमाल घाईनं पोतं उचलायला गेला, तसा भिवाबाबांनी हात आडवा धरला.

"थांब. काटा थांबला की आधी आकडा बोलायचा, मंग पोतं उचलायचं. आधी उचललं तर काटा शून्यावर जातो. मंग इचारशील काट्याला, किती व्हतं रे? तो म्हनंल, काय न्हाई, सगळं रिकामं."

मच्छिंद्र ऐकत राहिला. मशीनकडंही एक काटा असतो. शेवटच्या कामात काय झालं, तेवढंच तो दाखवतो. मच्छिंद्रची प्रोसीजर चूक झाल्यावर आधी कितवी ओळ ते तक्त्यात बघून यायची, आणि मग काट्याला विचारायची. ते बघणं नीट पार पडायचं, काटा शून्यावर यायचा, आणि डब्यात 'सर्व ठीक' जाऊन बसायचं.

"बाबा," तो म्हणाला, "आजून एक सांगा. एका पोत्याचा आकडा दुसऱ्याला चिकटू नये म्हणून काय करता?"

भिवाबाबांनी त्याच्याकडं पाहिलं. चाळीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नसावं. "पोतं उतरलं की पारडं हातानं झाडायचं. दाणे राहतात, माती राहते. काटा शून्यावर आला हे सोताच्या डोळ्यानं पाहायचं, मंगच दुसरं चढवायचं. का रे? तुला मापाडी व्हायचंय का?"

"तेच होऊन राह्यलो, बाबा."

"जल्दी हो मंग. शनवारपासून जागा खाली हाय."

हमाल हसले, भिवाबाबाही हसले. मच्छिंद्र मात्र वीज येईपर्यंत भिंतीशी बसून बोटांनी धुळीत चौकोन काढत होता.

गुरुवारी त्यानं प्रोसीजर नव्यानं मांडली. प्रत्येक ओळ उचलण्याआधी चारही डबे रिकामे करायचे, म्हणजे पारडं झाडायचं. हे केलं नसतं तर पहिल्या नापास ओळीचा शिक्का पुढच्या चांगल्या ओळींवरही बसला असता. चूक झाली की दुसरं काहीही करण्याआधी काट्यावरचा आकडा आणि मजकूर आपल्या डब्यांत उतरवायचा, म्हणजे आधी बोलायचं. मग ओळीचा क्रमांक. मग ओळीत आलेला शब्द. आणि हे सगळं झाल्यावर चुकांच्या वेगळ्या तक्त्यात नोंद करून पुढं जायचं, म्हणजे पोतं उचलायचं. साऱ्या दिवसात त्यानं मोजून चौदा ओळी लिहिल्या. काटा, पारडं आणि पोतं ह्या शब्दांत त्या त्यानं बेबीनंदाला वाचून दाखवल्या, आणि तिला त्या पहिल्या झटक्यात कळल्या.

शुक्रवारी सकाळी अण्णासाहेब येताच मच्छिंद्रनं त्यांना खुर्ची दिली. "साहेब, मी तोंड उघडणार न्हाई. तुम्हीच वाचा." भिवाबाबा दाराशी उभे होते, पाठीमागं हमाल. प्रोसीजर चालू झाली. प्रिंटर करकरत कागद ओढू लागला. अण्णासाहेबांनी पहिली ओळ मोठ्यानं वाचली.

"लॉट पहिला, ओळ पहिली. पोते क्रमांकाच्या जागी आकडा पाहिजे. आलेला शब्द, बरकत."

अण्णासाहेबांनी दुसरी ओळ वाचली. लॉट दुसरा, पोते क्रमांकाच्या जागी आकडा पाहिजे, आलेला शब्द, बरकत. तिसरी. चौथी. सातव्या ओळीनंतर त्यांनी मोठ्यानं वाचणं सोडलं आणि बोट कागदावरून खाली सरकवत नेलं. एकतीस ओळी, एकतीस बरकती.

"बेबीनंदा," ते म्हणाले, "तू हे टाइप केलंस?"

"पावतीवर व्हतं तेच केलं, साहेब. डोकं लावू नको म्हणाल्ते तुम्ही." मग जरा थांबून ती म्हणाली, "मला वाटलं मशीनला माहीत असल. कोण्याबी घरात माहीत असतं."

मच्छिंद्र कपाळाला हात लावून बसला होता. त्याच्या घरी सोनूबाई अजूनही पायलीचं पहिलं माप तसंच मोजायची. आकड्याच्या जागी आकडाच येणार असं धरून चालताना त्याला आपली आईच आठवली नव्हती.

"म्हणजे चोर कोण?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"मी," मच्छिंद्र म्हणाला. "बूच मी मारल्तं."

"आन् मारायला मी सांगितल्तं." एवढं बोलून अण्णासाहेब कागदाची घडी करू लागले. ती त्यांना नीट जमेना. शेवटी ते उठले आणि दाराशी गेले. "भिवाजी, माझं चुकलं."

भिवाबाबांनी बिल्ल्यावरून उपरणं फिरवलं. "चुकलं ते कळलं, साहेब. पर माझी एक अट हाय. आज केदारखेड्याचा माल येऊन राह्यला. मापाला तुम्ही उभं राहायचं, आन् पोती सोता मोजायची. मी गप्प बसून पाहणार."

"त्यात काय. मोजतो."

दुपारी ट्रक लागला. हमालांनी पहिलं पोतं काट्यावर चढवलं. काटा डोलला, थांबला. अण्णासाहेब वही सरसावून उभे होते, बाह्या वर केलेल्या. ते अंबडच्या शेतकरी घरातले, लहानपणी वडिलांबरोबर खळ्यावर उभे राहिलेले. त्यांनी काट्याकडं पाहिलं, आणि वजनाच्या आधी तोंडातून शब्द गेला, "बरकत."

हमाल असे हसले की एकाच्या खांद्यावरचं पोतं घसरलं. भिवाबाबा हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "पुढं, साहेब. आधी आकडा बोला, मंग पोतं उचलू द्या." अण्णासाहेब स्वतःच हसू दाबत वहीत लिहायला लागले, आणि त्यांनी काय लिहिलं ते पाहायला बेबीनंदा मागून टाचा उंचावून उभी राहिली.

शनिवारी मोठे साहेब आले. त्यांना यादी मिळाली, तीत सगळी पोती जागेवर होती. भिवाबाबांनी पावतीवर एक लिहावं का, अशी चर्चा निघाली, तेव्हा मच्छिंद्रनं ती वाढू दिली नाही. त्यानं प्रोसीजरीत एकच ओळ घातली, की पोते क्रमांकात बरकत आलं तर एक धरायचं. माणसानं चाळीस वर्षांची सवय मोडण्यापेक्षा मशीननं एक शब्द शिकणं सोपं, असं तो साहेबांना म्हणाला, आणि साहेबांनी मान हलवली. काजूची बशी त्या दिवशी पूर्ण रिकामी झाली.

पुढं मच्छिंद्रनं बऱ्याच ठिकाणी कामं केली. जिथं जाईल तिथं त्याच्या प्रोसीजरीत सगळ्यात वर हे चार डबे असायचे. त्याच्याकडं शिकायला येणाऱ्यांना तो आधी एखाद्या मोंढ्यावर नेऊन काट्यापाशी उभं करायचा. कुणी त्याला विचारलं, की चौथा डबा कशाला, पुस्तकात तर तीनच आहेत, तर तो म्हणायचा, "तीन डब्यांत चूक कळते. चौथ्यात माणूस सापडतो."

भिवाबाबा नंतर सहा वर्षं काट्यावर होते. ते घरी बसले त्या दिवशी कंपनीनं शाल दिली, आणि मच्छिंद्रनं एक कागद चौकटीत बसवून दिला. केदारखेड्याच्या त्यांच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर तो अजून टांगलेला आहे. कागद पिवळा पडला आहे, शाई फिकी झाली आहे, पण वाचता येतं. लॉट पहिला, ओळ पहिली. आलेल्या पाहुण्याला भिवाबाबांची सून आधी पाणी देते, आणि मग तो कागद वाचून दाखवते.